हौद्याची हौस

ट्रक कशासाठी असतो, हे माझ्या भाच्याला पक्कं ठाऊक आहे. तो अमेरिकेत एम. एस. झाला, कॅलिफोर्नियात स्थायिक झाला, आणि अशा माणसांना बहुतेक गोष्टी पक्क्याच ठाऊक असतात. "मामा, ट्रक ओझं वाहायला असतो. ज्यात सिमेंटचं पोतं टाकता येत नाही, तो ट्रक नव्हे. खूळ आहे ते! शुद्ध रिकामटेकडेपणा!"

मिनिट्रकवाल्यांचा मेळावा बघून आम्ही परतत होतो. त्या वेळी मी त्याचा पाहुणा होतो, गाडी तो चालवत होता आणि रात्रीचं जेवण व्हायचं होतं. म्हणून गप्प बसलो. आता मी पुण्यात माझ्या घरी आहे. आता बोलतो.

मिनिट्रक म्हणजे आपल्याकडचा छोटा हत्ती नव्हे. डॅटसन, टोयोटा, माझदा, इसुझु या जपानी कंपन्यांचे लहान पिकअप 1970 नंतर अमेरिकेत धडाक्याने खपले. पुढे दोन माणसं, मागे उघडा हौदा. ज्या पोरांना ऐटबाज मोटार परवडत नव्हती, त्यांनी हे स्वस्तातले ट्रक घेतले आणि ते जमिनीकडे ओढायला सुरुवात केली. पुढे शेव्हरोलेचा एस-10 आणि फोर्डचा रेंजरही त्यांच्या तावडीत सापडले. मागचे पाटे काढायचे, त्या जागी हवेचे रबरी फुगे बसवायचे, कॉम्प्रेसर आणि टाकी जोडायची. बटण दाबलं की ट्रक उठतो; दुसरं दाबलं की मोठ्ठा सुस्कारा सोडून बसतो. भक्ती फारच दाटली, तर तळाचा पत्रा कापून अख्खी बॉडी चासीवर आणखी खाली उतरवायची. मग ट्रक पोट टेकून बसतो, श्रीखंडाच्या पंगतीनंतर आपण बसतो तसा.

मैदानावर अशा बसलेल्या ट्रकांच्या रांगाच्या रांगा. मागच्या काचांवर क्लबांची नावं, शेजारी तंबू, मुलंबाळं, शेगड्या. माझ्याच वयाच्या एका गृहस्थाने माझं बोट धरून आपल्या डॅटसनच्या पत्र्यावरून फिरवलं आणि विचारलं, वेल्डिंगचा सांधा कुठे आहे सांगा. मला सापडला नाही. तो असा हसला की बस्स! भाच्याने विचारलं, "विकला तर किती येतील?"

बरं, उपयोगाचंच बोलू. भाच्याकडे स्वतःचा पिकअप आहे. चार दारांचा, शिडी लावून चढावा एवढा. मी दीड महिना तिथे होतो. तेवढ्यात त्या अवाढव्य हौद्यातून योगासनांची एक चटई वाहिली गेली. इंडियन स्टोअरमधल्या कोथिंबिरीच्या दोन जुड्या माझ्या मांडीवरून आल्या, वाऱ्याने उडतील म्हणून! पण याला कुणी खूळ म्हणत नाही. कारण ते शोरूममधून हप्त्यांवर आणलेलं आहे. स्वतःच्या हाताने पाना फिरवला असता, तर खूळ.

आणि छोटे ट्रक गेले कुठे? त्याचं उत्तर कोंबडीत आहे. चेष्टा नाही. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकांवर 25 टक्के जकात बसवली. जपान्यांनी पळवाट काढली. बिनहौद्याचा ट्रक आणायचा, त्यावर जकात 4 टक्केच. हौदा मागाहून अमेरिकेत चढवायचा. टोयोटाचे हौदे तर लाँग बीचलाच बनत. 1980 साली ती वाटही बुजवली. त्या कोंबड्या केव्हाच पचल्या, जकात अजून आहे. एस-10 2004 साली बंद झाला, जुना लहान रेंजर 2011 साली. मग गंजलेला डॅटसन कुणाच्या तरी परसातून ओढून आणून त्याला पुन्हा उभा (आणि मग आडवा) करणाऱ्याला रिकामटेकडा म्हणायचं?

सरकारनेही यांना कमी छळलं नाही. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. मेक्सिकन वस्त्यांतली पोरं बुटक्या केलेल्या गाड्या रस्त्यातून सावकाश मिरवत, ते डोळ्यांत खुपायचं. हा नियम जायला 1 जानेवारी 2024 उजाडावं लागलं. दरम्यान, समोर उभं राहिलेलं पोर बॉनेटमुळे दिसू नये इतके उंच ट्रक राजरोस विकले जात होते. ते उपयोगी ना!

आपण तरी काय मोठे उपयोगाचे पुतळे लागून गेलोय? आमच्या काचेच्या कपाटात बोनचायनाचा टी-सेट 31 वर्षं उभा आहे. त्यातून चहा पिण्याचा मान अद्याप कुणालाही मिळालेला नाही. कोऱ्या मोटारीच्या सीटवरचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत न काढणारी माणसं आपण. आणि स्वतःच्या ट्रकला करवत लावणाऱ्याला शहाणपण शिकवणार?

त्या डॅटसनवाल्याचे वडील माळीकाम करायचे. वीस वर्षं त्या हौद्यातून गवत कापायची यंत्रं, खतं, फावडी गेली. सिमेंटची पोतीसुद्धा. तेव्हा भाचेसाहेब, तुमचं ओझं त्याने वाहून झालेलं आहे. आता त्याला पोट टेकून बसू द्या की! निवृत्त माणसाला कुणी विचारतं का, आज किती पोती वाहिलीत म्हणून?

विचारतात म्हणा. हे लिहीत असतानाच सूनबाई दोनदा डोकावून गेली. "बाबा, नुसते बसलाच आहात तर गिरणीतून दळण घेऊन येता का?"