शिबिरे झाली, निदान झाले, पुढे काय?

जून २०२३ मध्ये ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गोव्याचे नाव एका नकोशा यादीत अग्रभागी आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या या अभ्यासानुसार वीस वर्षांवरील व्यक्तींमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आहे. पुदुच्चेरी आणि केरळ आपल्या पाठोपाठ आहेत. उत्तर प्रदेश ४.८ टक्क्यांसह सर्वांत खाली आहे. आकडा प्रसिद्ध झाला तेव्हा चार दिवस चर्चा झाली. कोणी पावाला दोष दिला, कोणी भाताला, कोणी मद्याला. पर्यटनावर खापर फोडणारेही निघाले. मग विषय मागे पडला.

त्या चर्चेत एक गोष्ट सहसा कोणी बोलले नाही. गोवा म्हातारा होत चालला आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख ५८ हजार होती आणि तीत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११.२ टक्के होते. त्या वेळी देशाची सरासरी ८.६ टक्के होती आणि आपल्या पुढे केवळ केरळ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर १.३ इतका नोंदला गेला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ च्या आसपास असावा लागतो. मुले कमी होत आहेत, झालेल्यांपैकी कित्येक आखातात, जहाजावर, पोर्तुगाल किंवा इंग्लंडात, नाहीतर पुण्या-मुंबईत आहेत आणि घरी दोन वृद्ध माणसे आहेत. काही घरांत एकच. मधुमेह आणि उच्च रक्तदाब वयाबरोबर वाढतात. तेव्हा २६.४ टक्क्यांच्या त्या आकड्यात आहाराचा आणि बैठ्या जीवनाचा वाटा मोठा असला, तरी वाढत्या वयाचा वाटाही आहेच आणि पुढील वीस वर्षांत तो कमी होण्याचे काही कारण दिसत नाही.

गोव्याची आरोग्यव्यवस्था दुबळी आहे, असे म्हणता येणार नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते आणि आज सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्णही ‘गोमेकॉ’च्याच आधारावर असतात. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पात तर राज्याच्या छोटेपणाचाच लाभ करून घेतला गेला. छातीत कळ येऊन तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पोहोचलेल्या माणसाचा हृदयालेख तिथेच काढला जातो, बांबोळीचे तज्ज्ञ तो वाचतात आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन जागेवरच विनामूल्य दिले जाते. यामुळे अनेकांचे प्राण वाचले आहेत.

म्हणजे हृदयविकाराचा झटका आल्यावर काय करायचे, हे गोव्याला ठाऊक आहे. झटक्याच्या आधीची पंधरा-वीस वर्षे मात्र कोणाच्याच ताब्यात नाहीत. वाढलेला रक्तदाब दुखत नाही आणि वाढलेली साखर बराच काळ जाणवत नाही. त्यांच्यावरचा उपचार म्हणजे रोजची एक-दोन स्वस्त गोळ्यांची पुडी, दर काही आठवड्यांनी दाब मोजणे, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी, वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची, मूत्रपिंडाची आणि पायांची तपासणी. यांतली एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते सातत्य. मधुमेहींपैकी किती जणांचा आजार खरोखर आटोक्यात आहे, याचे उत्तर याच ‘इंडियाब’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका विश्लेषणात आहे. देशभरातील ज्ञात मधुमेहींपैकी साखर आटोक्यात असलेले सुमारे ३६ टक्के आणि रक्तदाब आटोक्यात असलेले सुमारे ४९ टक्के होते. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही मापे एकाच वेळी योग्य मर्यादेत असलेले केवळ ७.७ टक्के निघाले. हे ज्ञात रुग्ण आहेत. यांना आपला आजार माहीत आहे, यांपैकी बहुतेकांना कोणी ना कोणी गोळ्याही लिहून दिल्या आहेत. निदानापाशी प्रवास संपत नाही, हे सांगायला यापेक्षा स्पष्ट आकडा मिळणे कठीण.

आपल्याकडे मात्र सगळा उत्साह निदानापाशीच दिसतो. पंचायतीच्या सभागृहात शिबिर भरते, बोटाला सुई टोचली जाते, फलकाखाली छायाचित्र निघते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करण्याचे धोरण केंद्राच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाने स्वीकारले आहे आणि ते योग्यच आहे. पण शिबिरात साखर अडीचशे निघालेला माणूस महिन्यानंतर कुठे असतो? आरोग्य केंद्रात गेला का, गोळी सुरू झाली का, सहा महिन्यांनी ती चालू आहे का, हे विचारायला कोणीतरी त्याच्या दारात जावे लागते. गोव्याची उणीव तिथेच आहे. देशात इतरत्र हे काम गावातल्याच ‘आशा’ करतात. गोव्यात आशा कार्यकर्त्यांची व्यवस्था रुजलीच नाही. माता-बाल आरोग्याचे आपले निर्देशांक पहिल्यापासून चांगले असल्याने तिची उणीव फारशी भासलीही नाही. बाळंतपणे रुग्णालयात होत होती, लसीकरण होत होते. ती व्यवस्था बाळ-बाळंतिणीसाठी उभी राहिली होती आणि आपल्याला बाळ-बाळंतिणीची चिंता नव्हती. आज चिंता आहे ती सत्तरीच्या आजोबांची आणि त्यांच्या दारापर्यंत जाणारे पाय आपल्याकडे नाहीत. उपकेंद्रातील परिचारिका आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी हेच काम डेंग्यूच्या सर्वेक्षणातून, लसीकरणातून आणि नोंदवह्या भरण्यातून वेळ काढून जमेल तसे करतात.

सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावर राहणाऱ्या वृद्ध बाईच्या बाजूने हे पाहावे. गोळ्या सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात, हे खरे. पण त्या साधारणतः महिन्याभराच्या मिळतात. त्यासाठी मुख्य रस्त्यापर्यंत चालायचे, कदंबाची वाट पाहायची, केंद्रात रांग लावायची, डॉक्टरांचा कागद, मग औषधांची खिडकी आणि दुपारच्या बसने परत. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा सबंध दिवस त्यात जातो आणि एखादा महिना चुकतो. पावसाळ्यात दोन महिने चुकतात. बरे तर वाटतेच आहे, मग गोळी कशाला, हा विचार तिथे जन्मतो. ‘रुग्ण औषधे नियमित घेत नाहीत’ अशी डॉक्टरांची तक्रार असते, तिच्यातले अर्धे तथ्य बसच्या वेळापत्रकात सापडेल.

यावर उपाय शोधण्यासाठी फार दूर जायला नको. कोविडच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुनाट आजारांच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम देण्याची मुभा राज्यांना दिली होती. संकटकाळात जे चालले, ते स्थिर प्रकृतीच्या रुग्णासाठी एरवीही चालायला हवे. तमिळनाडूने त्याच्याही पुढे पाऊल टाकले. ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ या योजनेच्या नावाचाच अर्थ ‘लोकांच्या शोधात आरोग्यसेवा’ असा आहे. गावातल्या महिला स्वयंसेविका घरोघर जाऊन रक्तदाब व साखर तपासतात आणि ज्ञात रुग्णांना घरीच औषधे पोहोचवतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी भौतिकोपचार आणि वेदनाशामक सेवाही तीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने २०२४ मध्ये तिची दखल घेतली. केरळने २००८ मध्येच वेदनाशामक सेवेचे धोरण ठरवून घरी जाऊन शुश्रूषा करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवली. तमिळनाडूची लोकसंख्या सात कोटींच्या पुढे आहे. तिथे जे करता येते, ते पंधरा-सोळा लाखांच्या राज्यात करता येत नाही, हे पटण्याजोगे नाही.

पैशाचा मुद्दा निघेलच. दीनदयाळ योजना ठरावीक शस्त्रक्रिया व रुग्णालयीन उपचारांसाठी आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना दिलेले पाच लाखांचे संरक्षणही मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. म्हणजे पाय कापावा लागला तर खर्च शासन करते, पाय वाचवण्यासाठी करावयाची तपासणी मात्र खासगी दवाखान्यात करवली तर स्वतःच्या खिशातून. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना दोन हजार रुपये हाच ज्यांचा हमखास आधार, त्यांच्यासाठी एक रक्तचाचणी आणि एक तज्ज्ञाचे शुल्क म्हणजे महिन्याच्या बाजारहाटाचा मोठा हिस्सा. आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास, डायलिसिसच्या खाटेवर काढावे लागतात. तो खर्च शासनाने सोसला, तरी ते आयुष्य रुग्णालाच काढायचे असते.

पायांचा उल्लेख केला, त्यावर थोडे अधिक सांगायला हवे, कारण घरोघरी याविषयी विलक्षण अज्ञान आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते. खडा टोचतो, कळत नाही. आपल्याकडे देवळात, अंगणात, शेतात अनवाणी चालण्याची रीत आहे. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवरून प्रदक्षिणा घालताना तळवा भाजतो आणि ते ध्यानात येते दुसऱ्या दिवशी, फोड आल्यावर. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही, चिघळते आणि प्रकरण बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत जाऊ शकते. रोज रात्री तळवे आरशात किंवा नातवंडाकडून पाहून घेणे, ही काळजी तरी घ्यायलाच हवी. पण हे सांगायला डॉक्टरांकडे तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ हवा, किंवा घरी येणारी ती स्वयंसेविका हवी.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चमचा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा आपल्या ताटात खारवलेले बांगडे, सुकी सुंगटे, मिस्कूट आणि पापड असतात. पेजेसोबत तर हेच असते. ‘मीठ कमी करा’ हे वाक्य कागदावर लिहून देणाऱ्याने खारे मासे दोनदा पाण्यात भिजवून वापरावेत, लोणच्याची फोड रोज न घेता आठवड्यातून एकदा घ्यावी, असे त्या घरच्या स्वयंपाकाच्या भाषेत सांगितले तर ते ऐकले जाण्याची शक्यता अधिक. सत्तर वर्षांची जिभेची सवय एका पत्रकाने बदलत नसते.

वृत्तपत्राच्या टेबलावर बसणाऱ्यांचाही यात थोडा दोष आहे, हे कबूल करावे लागेल. नवे यंत्र आले, नवी इमारत झाली, दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी झाली, या बातम्या आमच्याकडे आपोआप येतात आणि आपोआप लागतात. एखाद्या उपकेंद्राच्या परिचारिकेने दीडशे लोकांचा रक्तदाब दोन वर्षे आटोक्यात ठेवला, तर त्याचे पत्रक कोणी काढत नाही. त्यांपैकी ज्यांना पक्षाघात झाला नाही, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नसतात, त्यांची त्यांनाही. लोकप्रतिनिधींचा हिशेबही याच बातम्यांवर चालतो, त्यामुळे खाटा वाढतात.

हा हिशेब बदलायचा तर मोजायची गोष्ट बदलावी लागेल. केंद्राने मे २०२३ मध्ये साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना २०२५ अखेरपर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले होते. उपचाराखाली आणणे ही पहिली पायरी झाली. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने दर तिमाहीस तीन आकडे फळ्यावर लिहावेत, इतकी मागणी तूर्त पुरे आहे : आपल्या हद्दीत नोंद झालेले रक्तदाबाचे व मधुमेहाचे रुग्ण किती, त्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत येऊन गेले किती आणि त्यांतले दाब-साखर आटोक्यात असलेले किती. २०१७ पासून काही राज्यांत सुरू झालेला भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम याच तत्त्वावर चालतो. आला नाही त्याला दूरध्वनी, तरीही आला नाही तर घरी भेट, अशी त्याची साधी रीत आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. लागते ती रोज भरली जाणारी नोंदवही आणि ती वाचणारा वरिष्ठ.

पुढल्या ग्रामसभेत आपल्या आरोग्य केंद्राचा तिसरा आकडा विचारायला हरकत नाही. रस्ता, दिवा आणि नळ यांच्याबद्दल आपण विचारतोच. उत्तर आले नाही, तर ते इतिवृत्तात लिहून घ्यावे.