बोल्टची ट्रॉली

अमेरिकेत मोटारीमागे जोडायचा एक घडीचा ट्रेलर मिळतो. चार फूट रुंद, आठ फूट लांब, पाऊण टनाच्या आसपास माल ओढणारा. दुकानातून तो खोक्यांत भरून सुटा येतो: चॅनलचे तुकडे, आख, पाटे, हब, चाकं, दिवे आणि नट-बोल्टच्या पिशव्या. घेणारा घरीच पाना घेऊन बसतो आणि जोडतो. वरची फळी खोक्यात नसते. चार बाय आठची प्लायवूडची शीट बाजारातून आणायची आणि मधोमध कापून बसवायची. काम संपलं की एक अर्धा दुसऱ्यावर दुमडायचा आणि अख्खा ट्रेलर बारक्या चाकांवर उभा करून भिंतीला लावून ठेवायचा. किंमत कमी आणि जागा कमी, या दोन गोष्टींवर तो खपतो.

ट्रॉली बनवणाऱ्या आपल्या वर्कशॉपवाल्यांनी या वस्तूकडे नीट बघावं असं मला वाटतं. अठरा-वीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांमध्ये आता रुळले आहेत. त्यांच्यामागची टन-दीड टनाची ट्रॉली तोडणीचे दिवस सोडले तर बांधाला उभी राहते, पावसात भिजते, खालून गंजते. शेडमध्ये ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर ठेवल्यावर तिला जागा उरत नाही. दुमडून उभी राहणारी आणि टेम्पोत एकावर एक रचून नेता येणारी ट्रॉली या शेतकऱ्याला हवीच आहे. ती आपण बनवावी. मात्र आहे तशी नक्कल करू नये. तिकडच्या ट्रेलरची बारा इंची चाकं डांबरी रस्त्यासाठी असतात. नांगरलेल्या रानात ती रुततात, पाणंदीतल्या खड्ड्यात आखापर्यंत बसतात आणि तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतात म्हणून बेअरिंगही लवकर खातात. चाक आपल्या मातीचंच हवं. घ्यायची ती घडीची आणि बोल्टच्या जोडणीची रीत.

या रीतीत ट्रॉलीचा मजबूतपणा वेल्डरच्या हातून ग्राहकाच्या पान्यावर जातो. आजवर सांधा कसा झाला हे आपण डोळ्यांनी बघत आलो. इथे शेवटचा सांधा आपल्या पाठीमागे, दुसऱ्याच्या अंगणात होणार. म्हणून वर्कशॉपमध्ये जी ढिलाई आजवर वेल्डिंगने झाकली, ती इथे झाकता येणार नाही. दोन चॅनल चार मिलिमीटरने इकडेतिकडे असले तरी वेल्डर भर टाकून जुळवून घेतो. भोकं मात्र जुळतात किंवा जुळत नाहीत. आणि जुळली नाहीत की ग्राहक गॅस कटर लावून ती वाढवतो. मग बोल्ट कितीही आवळला तरी आत हलायला जागा राहते, ट्रॉली रस्त्यावर खडखडत जाते आणि रोज थोडं थोडं लोखंड खाते. तेव्हा जिग बनवल्याशिवाय या धंद्यात उतरू नका. भोक ड्रिलनेच पाडा.

बोल्टच्या बाबतीत आपल्याकडे फारच हलगर्जी चालते. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट आणि ४.६ चा बोल्ट दिसायला सारखेच, पण ४.६ चा २४० मेगापास्कलच्या ताणाला कायमचा लांबू लागतो, तर ८.८ चा ६४० पर्यंत तग धरतो. म्हणजे अडीच पटीहून जास्त. पूर्ण ट्रॉलीच्या किमतीत या दोहोंतला फरक किरकोळ असतो. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तो बोल्ट चेसीला लावू नये, फाळक्याच्या कडीला लावावा. लांबीही हिशेबाने घ्यावी. दोन पत्रे एकमेकांवर जिथे घसरू पाहतात, नेमक्या त्या जागी बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा. तिथे आटे आले तर बोल्ट आट्याच्या खाचेत तुटतो. आणि नट ढिला होतो म्हणून त्यावर वेल्डिंगचा टाका मारायची जी सवय पडली आहे, ती सोडायलाच हवी. ८.८ च्या बोल्टला ताकद येते ती कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून. टाक्याच्या आचेने ती त्या जागी उतरते, आणि पुढे तो नट पुन्हा आवळताही येत नाही. नायलॉक नट वापरा, टाक्याची गरज पडत नाही.

घडीची जागा सर्वांत नाजूक. तिथे चॅनल सलग नाही, सगळा भार बिजागरीची पिन आणि कुलपाचे बोल्ट पेलतात. पिन एकाच पट्टीत अडकवली तर तिला एकाच जागी कातर बसते. दोन्ही बाजूंनी पट्ट्या घेतल्या तर तोच भार दोन जागी वाटला जातो. एवढ्या दोन पट्ट्यांचं लोखंड वाचवू नका. वरचा चेकर्ड पत्राही निव्वळ माल ठेवायला नसतो. तो चौकटीला तिरकी होऊ देत नाही, म्हणून दोन्ही अर्ध्या भागांत कडेकडेने बोल्ट मारून तो पक्का बसवावा लागतो.

जोडताना आधी सगळे बोल्ट हाताने बसवून घ्यावेत, मग टेपने दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे भरले की मगच आवळायला घ्यावं. पहिलाच कोपरा घट्ट करून पुढे गेलेल्याची चौकट शेवटच्या कोपऱ्यात बसत नाही. बारा मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. शेतकऱ्याकडे टॉर्क रेंच नसतो. त्याला कोणत्या लांबीच्या पान्याने किती जोर लावायचा हे आपणच दाखवून द्यायला हवं.

हब तर सुटा देऊच नये, आपणच बसवून द्यावा. चाक फिरवत फिरवत कॅसल नट आवळायचा, चाक जड फिरायला लागलं की नट थोडा मागे घ्यायचा, भोक जुळलं की स्प्लिट पिन घालायची. चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड जाणवता कामा नये, आणि फिरवून सोडलं तर ते मोकळं फिरत राहायला हवं. पहिल्या खेपेनंतर हबला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे किंवा ग्रीस कमी पडलं आहे. बैलगाडी जुंपण्याआधी आखाला वंगण घालणाऱ्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

दिव्यांची वायर ओढताना घडीच्या ट्रॉलीत एक चूक हमखास होते. अर्थिंग चेसीवर सोडलं जातं. बिजागरीत रंग असतो, गंज असतो, धूळ असते, आणि वीज तिथून कधी जाते कधी जात नाही. मागचा लाल दिवा लुकलुकतो आणि मग कायमचा बंद पडतो. अर्थची वेगळी वायर थेट दिव्यापर्यंत न्या, घडीच्या जागी तिला वळायला ऐस ठेवा. रिफ्लेक्टरला वायर लागत नाही, ते प्रत्येक ट्रॉलीला चारही बाजूंनी लावलेच पाहिजेत. गळिताच्या हंगामात अंधारात रस्त्यावर उभ्या असलेल्या, दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून माणसं मरतात, हे आपल्यातल्या कुणालाही नवीन नाही. त्या ट्रॉल्या आपल्यासारख्यांच्याच वर्कशॉपमधून बाहेर पडलेल्या आहेत.

हूक ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच येईल एवढी दांडीची उंची ठेवा. मागच्या आखाच्या वरून ओढलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं आणि तो चालकावर उलटतो. पिन ट्रॉलीसोबतच द्या, साखळीने बांधून, नाही तर तिच्या जागी पहारेचा तुकडा येतो. तिकडच्या ट्रेलरला असतात तशा दोन सेफ्टी साखळ्याही द्या. त्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावतात, म्हणजे पिन निसटलीच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. तेव्हा ट्रॉली सुटी विकली म्हणून नोंदणी चुकत नाही, आणि चेसी नंबर पुसला जाणार नाही अशा जागी ठोकणं हे आपलं काम आहे.

राहिला जोडणीचा कागद. तो मराठीत हवा, चित्रांसह, प्रत्येक बोल्टचं माप आणि जागा दाखवणारा. छापण्याआधी ज्याने कधी ट्रॉली जोडलेली नाही अशा एखाद्या पोराला तो द्या आणि काही न बोलता बाजूला उभे राहा. तो जिथे अडेल तिथलं चित्र पुन्हा काढा. आणि पहिला माल वाहून झाला की ट्रॉली वर्कशॉपला परत आणायला सांगा. रंग दबून, सांधे बसून बोल्ट त्या एका खेपेत थोडे सैल होतातच. ते पुन्हा आवळण्याचे पैसे वेगळे मागू नका, विक्रीच्या किमतीतच धरा.