बेचिराख गावातली एक रात्र

आमच्या कॉलेजातल्या काही तरुण प्राध्यापकांनी नि त्यांच्या मित्रांनी मिळून एक मंडळ काढले आहे. मंडळाचा कार्यक्रम ठरलेला. शनिवार आला की दणकट जीपगाड्या बाहेर काढायच्या, चांगली डांबरी सडक सोडून द्यायची, आणि जिथे बैलगाडीवालासुद्धा दोनदा विचार करील अशा वाटेला लागायचे. रात्री रानात तंबू ठोकायचे आणि रविवारी अंग ठेचून घेऊन घरी यायचे. ज्या खड्ड्यांबद्दल आमच्या पिढीने सरकारदरबारी अर्जावर अर्ज केले, त्याच खड्ड्यांच्या शोधात ही मुले पेट्रोल जाळीत हिंडतात! असो, हौसेला मोल नसते.

गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या डोक्यात कुलधरा भरले. जैसलमेरजवळच्या वाळवंटातले हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव. दिवाण सालमसिंगाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत ८४ गावे उठून गेली, अशी तिथली दंतकथा. पाणी आटत गेले नि लोक हळूहळू पांगले असावेत, असे अभ्यासक म्हणतात. पण 'हळूहळू'ची गोष्ट कोण ऐकतो? अमेरिकेत कॅलिफोर्नियात बोडी नावाचे सोन्याच्या खाणीचे गाव असेच रिकामे पडले. १९६२ सालापासून सरकारने ते जतन करून ठेवले आहे आणि हौशी लोक मोटारी घेऊन तिथेही जातात. आमच्या मंडळींना एवढेच ठाऊक नव्हते की जैसलमेरला जाऊन यायला शनिवार-रविवार पुरत नाही.

मी सहज म्हणालो, "अहो, ओसाड गाव पाहायला राजस्थान कशाला? आपल्या वाशीम जिल्ह्यातच रिठी गावे आहेत की!"

रिठ म्हणजे उठून गेलेले गाव. माणूस एकही नाही, पण महसुलाच्या दप्तरात मौजा म्हणून नाव कायम. सातबारा निघतो, शेतसारा भरला जातो, जमीन शेजारच्या गावचे लोक कसतात. जनगणनेच्या यादीतही असे गाव लोकवस्तीच्या रकान्यात शून्य घेऊन निमूट उभे असते. दप्तराची स्मरणशक्ती मोठी चिवट. खुद्द आमचा वाशीम जिल्हा १९०५ साली अकोल्यात विरून गेला होता, तो १ जुलै १९९८ला पुन्हा उगवला! फारसीत अशा गावाला 'बेचिराग' म्हणत. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. मराठीने त्याचे 'बेचिराख' केले आणि दिव्याच्या जागी राख आणून ठेवली. वर्गात हा शब्द सांगताना मला नेहमी चेव येतो.

तर मंडळींनी मलाच वाटाड्या नेमले. मी तयार झालो, त्याला माझे एक खाजगी कारण होते. माझे आडनाव 'कर'ने संपते. (हे सदर मी टोपणनावाने लिहितो, हे त्या दृष्टीने बरेच झाले.) ज्या गावावरून ते पडले, ते रिसोडकडच्या अंगाला, पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. वडिलांना गाव विचारले की ते त्या दिशेला हात करीत नि म्हणत, "आता रिठ आहे." ते स्वतः कधी गेले नाहीत, मला त्यांनी कधी नेले नाही. आडनाव हा माणसाचा पत्ता असतो, असे वीस वर्षे मुलांना शिकवणारा मी. आणि स्वतःच्या पत्त्यावर कधी पाऊल ठेवले नव्हते.

मार्चच्या अखेरीस निघालो. दोन जीपगाड्या, सात माणसे, त्यांतला एक गुडघेदुखीवाला. हरभरा निघून गेला होता, शेते मोकळी होती, बांधांवर पळस पेटला होता. सडक सोडल्यावर गाडवाट, गाडवाटेनंतर नाला, आणि नाल्यापलीकडे वाट म्हणावी असे काहीच नाही. मुलांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नव्हते.

गाव म्हणून दिसले ते एक उंचवट्याचे पांढुरके टेकाड. गढीचा ढासळलेला एक बुरूज, त्यावर निवडुंग. निंबाखाली शेंदराने माखलेला मारुती. फुटक्या जात्याची एक तळी, खापरांचा खच. वस्तीच्या जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात नि पिकाच्या जमिनीला काळी, हे मी पुस्तकातून शेकडो वेळा वाचले होते. दोन्ही एका नजरेत प्रथमच पाहत होतो. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती ढासळाव्या, चुलीची राख नि गोठ्यातले शेण त्यात मिसळावे, नि त्यावर पुन्हा भिंती उभ्या राहाव्या. त्यातून ही पांढरी वर चढते. ही माती खत म्हणून शेतात जाते, धाब्याच्या छपरावरही पडते. टेकाडाची एक बाजू तशी खणून नेलेली होतीच.

मुले वर तंबू ठोकू लागली तसा मी अडवले. म्हटले, इथे माणसांची घरे होती, कदाचित आमचीच. त्यांच्यावर खुंट्या ठोकायच्या नाहीत. मी वयाने मोठा, शिवाय आडनावाचा मालक. बिचारी ऐकती झाली. तंबू खाली काळीच्या सपाटीवर पडले.

तिन्हीसांजेला शेजारच्या शेतातून एक म्हातारा आला. सत्तरीपलीकडचा, खांद्यावर दुपट्टा.

"तंबू काळीत कावून ठोकून राह्यले, गुरुजी? आभाळ आलं हाये. वर पांढरीवर जागा हाये ना!"

"आबाजी, तिथे लोकांची घरे होती. त्यांच्यावर कसे झोपायचे?"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "घरात नाही झोपन तं कुठं झोपन मानूस?"

मी हसून वेळ मारून नेली. रात्री एकच्या सुमाराला अवकाळी कोसळला.

ज्यांनी आमची काळी माती भिजलेली पाहिली नाही त्यांना काय सांगावे! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी लागले की तीच माती फुगून लोण्यासारखी होते. अर्ध्या तासात तंबूच्या खुंट्या आपण होऊन बाहेर आल्या. जोडे चिखलात राहिले नि पाय वर आले. एका जीपने निघायचा प्रयत्न केला, तेव्हा तिची चारही चाके जागच्या जागी फिरून आसापर्यंत रुतली. बॅटरी हलवीत म्हातारा आला नि आम्हां सातांना मेंढरांसारखे हाकीत पांढरीवर घेऊन गेला. वर पाय रोवून उभे राहता येत होते! पाणी उतारावरून निघून जात होते. ज्या जमिनीत भिंत तडकते त्या जमिनीवर गाव वसत नाही, हे जाणायला मला एम. ए.नंतर इतकी वर्षे लागली.

गढीच्या आडोशाला ताडपत्री धरून बसलो. मुलांना दंतकथा हवी होती. दरोडा, शाप, निदान एखादा जुलमी जहागीरदार.

"एकदम नाही उठलं बाप्पा," म्हातारा म्हणाला. आजाच्या तोंडून ऐकलेले सांगत होता. "पटकी आली तवा काही घरं गेली. हिरीचं पानी मचूळ झालं तवा काही गेली. आखरीले तीन घरं राह्यली. तीन घराच्या गावात पोरगी कोन देते? मंग तेही उठले."

मी हळूच विचारले, "त्या तीन घरांत आमचे घर होते का?" आणि आडनाव सांगितले.

"नाही," तो ताबडतोब म्हणाला. "आमचं होतं. 'कर' म्हनजे जे आंधी गेले ते. गावात राहनाऱ्याले गावाचं नाव कोन लावते?"

पाऊस वाजत होता म्हणून बरे. जे आडनाव मी गावाच्या मातीचा दाखला म्हणून मिरवीत आलो, तो गाव सोडल्याचा दाखला निघाला! परक्या गावात गेल्यावर लोकांनी ओळखीसाठी चिकटवलेली ती चिठ्ठी. टिकून राहिलेल्यांजवळ गावाच्या नावाची खूणही नाही. ती खूण आधी निघालेल्यांनी नेली. वडील इथे कधी का आले नाहीत, याचा विचार करीत पहाटेपर्यंत जागा राहिलो.

सकाळी म्हाताऱ्याच्या मुलाने ट्रॅक्टर आणून जीप ओढून काढली. मी पैसे पुढे केले तर म्हातारा रागावला. मग खिशातून त्याने एक पावतीपुस्तक काढले. उठून गेलेली घरे वर्षातून एकदा मारुतीपाशी भंडारा करतात, त्याचे ते होते.

"वर्गनी पाचशे एक. मांगची बाकी सोडून देली."

मी पैसे दिले. पावतीवर नाव घातले, मग 'राहणार'पाशी त्याचा पेन थांबला. मी सांगितले, "वाशीम लिहा." त्याने मान हलवली नि रिठाचे नाव लिहिले.