सुटलेलें कुत्रें आणि कोंडवाडा

कोंडवाड्याची रीत वाचकांस नवी नाहीं. १८७१ च्या कायद्याच्या मूळ तक्त्यांत म्हशीस ८ आणे, बैलास ४ आणे, शेळीस १ आणा दंड होता. हत्तीससुद्धां २ रुपये! खावटी निराळी. कुत्र्याचें मात्र त्यांत नांव नाहीं. भारतीय न्याय संहितेचें (२०२३) २९१ वें कलम निष्काळजी धन्यास कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगतें, पण माणसाच्या जिवास धोका किंवा भारी दुखापतीचें भय असेल तरच. मग सुटलेल्या पाळीव कुत्र्यानें मेंढरें फाडलीं, तर मेंढपाळास दिवाणी दाव्यावांचून वाट कोणती? तो कळप घेऊन रानोरान फिरेल, कीं तारखा संभाळील? आमचें मत असें कीं, असें कुत्रें ग्रामपंचायतीनें बांधून ठेवावें, दंड व खावटी यांच्या निरनिराळ्या पावत्या द्याव्या, आणि मेंढरांची भरपाई दंडांत जिरवूं नये. ती मेंढपाळाच्या हातीं रोख पडावी.