गळक्या हौदाचें गणित

गेल्या वैशाखांत वहिनींस उपचारार्थ वाशीमहून अकोल्यास नेतांना आमच्या २००६ सालच्या मोटारींतील एसीनें पुन्हा दगा दिला. मागील दोन्ही उन्हाळ्यांत आम्ही नुसता गॅस भरून घेतला. दोन्ही खेपांस तो महिनाभरांत नाहींसा झाला. वस्तुतः हा आर-१३४ए (ओझोनास मारक ठरलेल्या आर-१२ च्या जागीं आलेला) बंद नळ्यांतच फिरतो, पेट्रोलाप्रमाणें जळत नाहीं. उणा झाला कीं कोठेंतरी गळती समजावी. जन्मभर गळक्या हौदाचीं गणितें घालणाऱ्या आम्हांस हें उशिरा उमगलें! या खेपेस मिस्त्रीनें आधीं गळती शोधली. कंडेन्सर सच्छिद्र निघाला. काँप्रेसर, म्हणजे खरा खर्चाचा अवयव, सुदैवानें शाबूत होता. चिरंजीव म्हणाले, "मोटारच विकूं." वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, विकून येईल तेवढ्यांत गार गाडी मिळेल का?" कंडेन्सर बदलला. गॅसच्या त्या दोन पावत्या मात्र अद्याप आमच्या खणांत आहेत.