हजेरी लागते, मन लागते काय?

नागपुरातील अनेक कचेऱ्यांच्या दारांवर आता अंगठा ओळखणारी यंत्रे बसली आहेत. कर्मचारी अंगठा टेकतो, आत जातो, हजेरी लागते. परंतु त्यापुढील आठ तास त्याचे मन कामावर आहे किंवा कसे, हे सांगणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. ते काम वरिष्ठाचे. आणि घोडे पेंड खाते ते नेमके तेथेच.

हा प्रश्न या शहरास नवा नव्हे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगारांची गैरहजेरी हीच गिरणीची मोठी डोकेदुखी होती. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापड गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. दंडाचा बडगा उगारणे त्यांना सहज शक्य होते. परंतु मालक-व्यवस्थापकांच्या या जोडीने कामगार का टिकत नाही, याचा विचार केला. १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला. १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. अशा भरपाईचा कायदा देशात झाला तो १९२३ साली! उद्या यंत्रात हात सापडला तर चूल कशी पेटेल, ही धास्ती ज्याच्या मनातून थोडीतरी उतरली, तो कामगार दुसऱ्या दिवशी भोंग्याची वाट धरतो, यात नवल ते काय?

तथापि या कथेस दुसरी बाजू आहे, आणि ती झाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पुढे याच शहरातील गिरणी कामगारांना संपाचे हत्यार उपसावे लागले, रा. स. रुईकरांसारखे पुढारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मायबाप मालकाने दिलेली सवलत निराळी आणि आपल्या कामाविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार निराळा. पहिलीने माणूस येतो. दुसरा नसेल तर तो मान खाली घालून केवळ दिवस भरतो.

गिरणी आज उरली नाही, तिच्या जागी मॉल आहे. प्रश्न मात्र बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि मिहानच्या काचेच्या इमारतींत तसाच आहे. यंत्रांवर खर्च करणाऱ्या खातेप्रमुखांस आमची एवढीच सूचना आहे की, आठवड्यातून एक तास त्यांनी आपल्या खोलीबाहेर येऊन कारकुनाच्या टेबलाशी बसावे, त्याची अडचण ऐकावी, आणि पुढील आठवड्यात तिचे काय केले हे त्यास जाऊन सांगावे.