कडेवर बाळ कुणाच्या?

या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट होतं. आत एक पत्र आणि गोव्याच्या सहलीत काढलेले अकरा फोटो. पाठवणारी मुलगी सातवीत आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, का ते लगेच कळेल.

सहलीहून आल्यावर तिच्या वर्गानं फोटोंचा तक्ता करायचं ठरवलं. फोटोखाली नावं लिहायचं काम हिच्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. एका फोटोत चर्चमधली मूर्ती होती. अंगात पायघोळ झगा, हातावर गोंडस बाळ. हिनं झोकात लिहिलं, 'मदर मेरी'. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "अगं, ही बाई नाहीच. हे संत अँथनी. आमच्या घरी यांचा फोटो आहे." झालं! सगळा वर्ग फिदीफिदी हसला. "झगा घातलाय, कडेवर बाळ आहे, आणि म्हणे बाप्या!" तो मुलगा गप्प झाला. त्या दिवसापासून तो मधल्या सुट्टीत डबा घेऊन वेगळा बसतो. पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "बाई, खरं कुणाचं? तक्ता शुक्रवारी सगळ्या शाळेला दाखवायचाय."

शुक्रवारच्या आत उत्तर द्यायला हवं, म्हणून तिला वेगळं पत्र टाकलंच आहे. पण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, आईबाबांच्या फोनमध्ये, असे चर्चमधले फोटो असतील. खाली नुसतं 'गोवा, चर्च' एवढंच. तेव्हा चला, तो फोटो आपण सगळे मिळून बघू या.

पहिली गोष्ट, चेहऱ्याकडे बघू नका. हो, खरंच सांगते! या संतांपैकी बहुतेकांचे चेहरे कसे होते ते मूर्तिकाराला माहीतच नव्हतं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? कमरेवर हात आणि पायाखाली वीट दिसली की आपण 'विठोबा!' म्हणतो, नाक कसं आहे ते कुठं बघतो? शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात कोणतं, एवढ्यावरून विष्णूच्या चोवीस मूर्तींची वेगवेगळी नावं ठरतात. चर्चमध्येही तसंच. पूर्वी युरोपात बहुतेक लोकांना वाचता येत नसे आणि प्रार्थना चाले लॅटिन भाषेत. मग भिंतीवरचे संत लोकांनी ओळखायचे कसे? हातातल्या वस्तूवरून, कपड्यावरून, पायाशी काय आहे त्यावरून. (संत म्हणजे देव नव्हेत, हेही इथेच सांगून ठेवते. ख्रिस्ती माणसाचा देव एकच. संत हे त्याचे भक्त, आपले ज्ञानोबा-तुकोबा तसे. 'त्यांचे देव' असं फोटोखाली लिहू नका.)

आता आपला फोटो. हातावर बाळ आहे. पण बाळ घेणारे चर्चमध्ये कितीतरी जण असतात! मरियामाता तर असतेच. तिच्या डोक्यावर ओढणीसारखं वस्त्र असतं, बहुधा मुकुटही. येशूचा सांभाळ करणारे संत योसेफ असतात, त्यांना दाढी असते आणि ते सुतार, म्हणून कधी जवळ करवत किंवा रंधा. संत क्रिस्तोफर हा धिप्पाड गडी बाळाला खांद्यावर बसवून नदी ओलांडत असतो, हातात झाडाएवढी काठी. मरियेची आई संत अ‍ॅना हिच्याजवळही लेकरू दिसतं, पण ती असते छोटी मरिया आणि आई तिला पुस्तक वाचायला शिकवत असते. (हा माझा सगळ्यात आवडता देखावा. मास्तरीण ना मी!)

आणि संत अँथनी. त्यांच्या हातावर बाळ येशू, दुसऱ्या हातात पांढऱ्या लिलीचं फूल. पण थांबा, घाई नको! लिली योसेफांच्या काठीलाही फुललेली असते. म्हणून दुसरी खूण बघायची. आपल्या फोटोत दाढी नाही. डोक्याचा मधला भाग तासलेला आणि भोवती केसांचं कडं आहे, तशी जुन्या काळी संन्याशांची रीतच होती. झगा साधा तपकिरी आणि कमरेला दोर. दोराला किती गाठी? फोटो मोठा करून मोजा. तीन! फ्रान्सिस्कन साधूंच्या दोराला तीन गाठी असतात. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी त्यांची तीन व्रतं, त्यांची ती आठवण. बाळ, लिली, तासलेलं डोकं, तीन गाठींचा दोर. चारही खुणा एकाच माणसाकडे बोट दाखवतात. मागच्या बाकावरचा मुलगा बरोबर होता.

अँथनी यांचा जन्म पोर्तुगालमधल्या लिस्बनचा, मृत्यू इटलीत पादुआजवळ, १३ जून १२३१ रोजी. पोर्तुगीजांचे ते लाडके संत, म्हणून गोव्यात पावलोपावली भेटतात. जुन्या गोव्यात त्यांचं एक चॅपेल आहे. तिथल्या मूर्तीला पोर्तुगीज सैन्यात कॅप्टनचा हुद्दा होता आणि पगारही मिळे, असं सांगतात! वस्तू हरवली की भाविक त्यांचाच धावा करतात. आता मला सांगा, ज्याच्या घरी रोज त्यांच्यासमोर मेणबत्ती लागते त्याला ते ओळखू येणार नाहीत तर कुणाला?

पाकिटातले बाकीचे फोटोही मजेदार आहेत. एकात एक राजकन्या, डोक्यावर मुकुट, हातात तलवार, शेजारी मोडकं चाक. मुलीनं खाली लिहिलंय, 'झाशीच्या राणीसारखी कोणीतरी'. कल्पना छान! पण ही तलवार तिनं चालवलेली नाही, तिच्यावर चाललेली आहे. ही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन. परंपरेतली गोष्ट अशी की तिनं रोमन सम्राटापुढे आपला धर्म सोडायला नकार दिला, मोठमोठ्या पंडितांना वादात हरवलं. तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचं ठरलं, तर चाकच मोडलं. मग तलवारीनं शिरच्छेद केला. चर्चमधल्या कलेचा हा नियम पक्का लक्षात ठेवा. संताच्या हातातलं हत्यार हे बहुधा त्याला मारणाऱ्याचं असतं. संत लॉरेन्सच्या हातात लोखंडी जाळी असते, त्यांना तिच्यावर भाजलं होतं म्हणतात. संत सेबॅस्टियनच्या अंगात बाण रुतलेले. संत अपोलोनियाच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दात! तिचे दात पाडले होते, म्हणून दातदुखीवाले तिची आठवण काढतात. हातात खजुराच्या झाडासारखी झावळी दिसली, तर हा माणूस धर्मासाठी मेला एवढं नक्की, मग तो कोण ते पुढे शोधायचं.

कॅथरीन गोव्यात कशी आली? २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतलं. तो दिवस कॅथरीनच्या सणाचा. म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावानं आहे आणि मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. जिंकणाऱ्यांनी आपल्या विजयाची तारीख अशी सोन्यानं मढवून ठेवली! ज्यांचं गोवा गेलं त्यांची बाजू मात्र त्या वेदीवर नाही. ती इतिहासाच्या पुस्तकात वाचायची.

दुसरा फोटो बॉम जीझस बासिलिकेतला. हे चर्च १६०५ साली पवित्र करण्यात आलं. नावाचा अर्थ 'भला येशू', आणि ते बाळ येशूचं. मग फोटोत मध्यभागी हे एवढे मोठे गृहस्थ कोण? ते आहेत संत इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचे संस्थापक. बाळ येशू त्यांच्या पायाखालच्या बाजूला छोटासा आहे, फोटोत जेमतेम दिसतो. इग्नेशियस वर बघताहेत, तिथे सोनेरी किरणांत 'आयएचएस' ही अक्षरं आहेत. ती येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन अक्षरं, जेझुइटांची खूण. सगळ्यात मोठी मूर्ती तिचंच चर्च, हा अंदाज इथे साफ फसतो. गोव्याचे लाडके संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी याच चर्चमध्ये आहे, पण ती बाजूला.

क्रुसावरच्या मूर्तीचे तीन फोटो आहेत आणि तिन्हींखाली 'येशू' लिहिलंय. दोन बरोबर, कारण डोक्यावरच्या पाटीवर 'आयएनआरआय' अशी चार अक्षरं आहेत, म्हणजे लॅटिनमध्ये 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा'. तिसऱ्या फोटोतल्या मूर्तीच्या अंगावर मात्र साधूचा झगा आहे आणि दोन भाले कुशीतून आरपार गेलेत. हा फोटो गोव्याचा नाही, परतताना वसईत काढलाय असं मागे लिहिलंय, आणि तिथंच उत्तर आहे. हे आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात हे एक. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. क्रूस उलटा असेल तर तो संत पेत्राचा आणि फुलीसारखा तिरपा असेल तर संत आंद्रियाचा.

फसवे प्रसंग असे पुष्कळ येतात. मोर दिसला तर सरस्वती की कार्तिकेय, असा प्रश्न पडतो ना? तसाच इथे राक्षसी सापाला भाला मारणारा वीर. घोड्यावर असेल तर संत जॉर्ज, पंख असतील तर देवदूत मायकेल. रंगावर तर मुळीच विसंबू नका. मरियामातेचा झगा निळा असतो हे खरं, जुन्या युरोपात तो निळा रंग अफगाणिस्तानच्या बदख्शान भागातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा करत, फार महाग. पण मूर्ती पुन्हा पुन्हा रंगवतात आणि रंगारी आपल्या मनाचा असतो.

आता पुढच्या सहलीसाठी. एकाच मूर्तीचे दहा फोटो नकोत. एक अख्ख्या वेदीचा काढा, एक हातांचा, एक पायांचा. पायांकडे सगळे दुर्लक्ष करतात, तिथेच चंद्रकोर आणि साप असतो आणि मग ती निष्कलंक मरियामाता, पणजीच्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चची, हे कळतं. शेवटचा फोटो दारावरच्या पाटीचा. मनाई असेल तिथे फोन खिशात, प्रार्थना चालू असेल तर तोही खिशात आणि तोंडही बंद. पालकांनो, हे तुम्हालाही सांगतेय हं! आणि कमानीवर उभा असलेला प्रत्येक पुतळा संतांचा नसतो. जुन्या गोव्यात नदीकडून येताना लागणाऱ्या व्हाइसरॉयच्या कमानीवर वास्को द गामा आहे.

पत्रातल्या मुलीला मी कळवलंय की 'मदर मेरी' खोडून टाक, पण नवं नाव तू लिहू नकोस. खडू त्याच्या हातात दे. आणि त्याला विचार, "तुमच्या घरच्या फोटोत त्यांच्या दुसऱ्या हातात काय आहे रे?" वर्गात, सगळ्यांसमोर विचार. हसले तेही सगळ्यांसमोरच होते.

अकरावा फोटो मी मुद्दाम बाजूला ठेवलाय, तो तुमच्यासाठी. डोक्यावर टोपी, हातात यात्रेकरूची काठी, झगा एका बाजूनं वर उचललेला, मांडीवर जखम. पायाशी कुत्रा आणि त्याच्या तोंडात पाव. प्लेगच्या साथीत लोक यांची प्रार्थना करत. कोण हे? ओळखा, आणि कोणत्या खुणेवरून ओळखलंत तेही लिहा. शेजारी, वर्गात कुणी ख्रिस्ती मित्र असेल तर त्याला विचारायला पूर्ण परवानगी आहे. उत्तर पुढच्या अंकात.